बालकाने आज काही खाल्लेले नाही

माझी आई बारीक होत चालली होती, आणि मी स्टोअर क्लार्क आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं तुम्हाला वाटेल. संजनालाही तसंच वाटत होतं. (संजना म्हणजे माझी बायको. मला वाटतं त्याच्या उलट वाटून घेणं हे खातं आमच्या घरात तिच्याकडे आहे.) पण वसई पूर्वेच्या एका पंपाच्या कारखान्यात अर्धं आयुष्य नट-बोल्ट मोजण्यात गेलं, की माणसाला जगाकडे बघायची एकच रीत उरते. आवक किती, जावक किती, शिल्लक किती. घरात दूध येतंय, भाजी येतेय, मासळी येतेय आणि तरी आईच्या अंगावर काही दिसत नाही, म्हणजे माल मधेच कुठेतरी गळतोय.

आई अर्नाळ्याची. बाबा गेल्यावर ती आचोळ्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलगा शिकायला पुण्यात, त्यामुळे त्याची खोली तिला मिळाली. आली तेव्हा चांगली भरलेली होती. आता पोलक्याच्या बाह्यांत तिचे दंड सापडत नव्हते. विचारलं की म्हणायची, "मना काय झालंय? जेवते की बरी." आमच्याबरोबर पानावर मात्र बसायची नाही. "तुम्ही बसा, मी मगाशीच खाल्लं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

माझा मोठा भाऊ श्रीपत अर्नाळ्यालाच असतो, त्याची बोट आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर आईला पाहिलं आणि कॅमेऱ्यात त्याचं तोंड एकदम मोठं झालं. "भूप्या, आयशीला उपाशी ठेवतोस का काय रे? रविवारी येतो मी टेम्पो घेऊन. अशीच दिसली तर गाठोडं बांधून घेऊन जानार."

आणि श्रीपतदादा बोलतो ते करतो. मला आई हवी होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे वाक्य लिहिताना थोडी लाज वाटते. पण संध्याकाळी कामावरून दमून आल्यावर दार उघडून "आलास का बाळा" म्हणणारं दुसरं कोणी मला जगात उरलेलं नाही. संजना दार उघडते तेव्हा "चपला बाहेर" म्हणते.

म्हणून मी मोबाइलवर 'घासमित्र' नावाचं एक ॲप घेतलं. घासमित्रचं तत्त्व माझ्या मनासारखं होतं. तुम्ही काय खाल्लं हे ते विचारतच नाही, कारण माणूस खोटं बोलतो. तुम्ही काय विकत घेतलं ते बघतं. मार्टचं बिल, डेअरीचं बिल, मेडिकलचं बिल, जे जे मोबाइलवर येतं ते सगळं वाचून काढतं आणि घरात लोह किती, कॅल्शियम किती, कुणाच्या वाट्याला काय, हे सांगतं. बिल नसलेली खरेदी असली, म्हणजे दारावरची मासळी वगैरे, तर माइकचं बटण दाबून तोंडाने सांगायची. मी ते तिघांच्याही फोनवर बसवलं. शिवाय 'भोजन-चाहूल' नावाची एक सोय होती, तिच्यात फोन आसपासचा चावण्याचा आवाज ओळखतो. तीही चालू केली. (गरज काही नव्हती. पण फुकट होती.)

"म्हणजे मी तुमच्या आईला काय घालते त्याचं ऑडिट करणार तुम्ही?" संजना म्हणाली.

"ऑडिट नाही गं. नुसतं स्टॉक-टेकिंग."

"मग आधी स्वतःच्या पोटापासून सुरू करा. तिथं बराच स्टॉक आहे."

घासमित्रला बाईचा आवाज होता. शुद्ध, थंड, हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा. सुरुवातीला तो बिचारा साध्या गोष्टी सांगायचा. कुटुंबात लोह कमी आहे. कुटुंबाने पालेभाजी वाढवावी. मग एका संध्याकाळी संजना कोथिंबीर निवडत होती, आई देवाजवळ दिवा लावत होती, आणि टेबलावरचा फोन आपण होऊन म्हणाला,

"कुटुंबात नवीन सदस्य आढळला आहे. बालक. अभिनंदन."

संजनाचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. "कुणाचं?"

"मला काय माहीत!"

"मग कुणाला माहीत असणार?"

मी घाईघाईने ॲप उघडलं. तिथे आम्हा तिघांची तीन गोल चित्रं होती आणि त्यांच्याखाली चौथा एक लहानसा गोल उगवला होता. करडा. त्यात तोंड नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'बालक. वय अंदाजे दोन. खरेदीचा पुरावा: नाचणी सत्त्व, बाळाचं तयार खिमट, चॉकलेटची पावडर, क्रीमची बिस्किटं, लॉलीपॉप.'

आता लॉलीपॉप माझे होते, हे मी तुम्हाला सांगतो. संजनाला सांगितलेलं नव्हतं. सिगारेट सोडल्यापासून तोंडात काहीतरी लागतं, आणि शुगर काठावर असल्याने डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. क्रीमची बिस्किटंही माझीच. पण खिमट? सत्त्व? ती मी जन्मात आणली नव्हती. संजनानेही यादी वाचली, एका ठिकाणी अडखळली आणि म्हणाली, "चॉकलेटची पावडर? आपल्या घरात?" हा सूर माझ्या ओळखीचा होता. तांब्याची कॉइल गायब झाली की आमच्या गोदामात सगळे याच सुरात बोलतात. पण मी त्या वेळी लॉलीपॉपबद्दल आश्चर्य दाखवण्यात गुंतलो होतो, त्यामुळे तिकडे लक्ष गेलं नाही.

आई मात्र शांत होती. दिव्याची वात सारखी करत म्हणाली, "पोर हाय? असू दे. घरात पोर असलं का बरं वाटतं." आणि आत निघून गेली. मला ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी संजनाचा स्टोअरमध्ये फोन आला. ती कुजबुजत होती. "अहो, ते आत्ता बोललं. 'बालकाने आज काही खाल्लेले नाही' म्हणालं. दोनदा म्हणालं."

"बंद कर ना तो फोन."

"केला. मग आईंच्या फोनमधून म्हणालं."

मी तिला समजावलं, की हा फक्त हिशेब आहे, खरं असं काही नसतं. घरी आलो तर फ्रिजशेजारी जमिनीवर दूधभाताची वाटी ठेवलेली. "नुसती ठेवलीय," संजना म्हणाली. "आपल्या घरात कुणी उपाशी नको." मी हसलो. पण पुढच्या दुपारी तिने पुन्हा वाटी ठेवली, जरा पडली, आणि उठून बघते तो वाटी रिकामी. नुसती रिकामी नाही. घासून, पुसून, ओट्यावर पालथी घातलेली.

"भूत भांडी घासतं का हो?" तिने मला विचारलं.

मी विचार केला. "आपल्या मुलाने आजवर एकही वाटी विसळलेली नाही," मी म्हणालो. "म्हणजे हे आपल्या घराण्यातलं नाही."

शेजारच्या ज्युलिएट आंटीला हे कळलं, कारण संजनाने सांगितलं. आंटी आल्या, फ्रिजकडे बघून त्यांनी क्रुसाची खूण केली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या आधी या फ्लॅटमध्ये जी फॅमिली होती ना, त्यांचं एक बाळ होतं."

आम्ही दोघं जवळ सरकलो. "मग? काय झालं त्याचं?"

"कॅनडाला गेलं. आता त्याला पण दोन बाळं आहेत. का?"

तरी जाता जाता त्या म्हणाल्या, की फादरना आशीर्वादाला बोलवायचं असलं तर सांगा, धर्म वेगळा असला तरी पाणी तेच असतं. मी हो म्हणून बसलो असतो. पण रविवारी श्रीपतदादा येणार, आणि दारात फादर बघून तो आधी मलाच टेम्पोत घालेल, ही भीती मोठी होती.

मग आवाजाने तो शब्द उच्चारला. सकाळी मी दाढी करत होतो. बाहेरच्या खोलीतून अगदी सावकाश ऐकू आलं, "सावधान. बालकाला मुडदूस आहे."

मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ पडतात तो आजार. पाय वाकतात, पोट पुढे येतं. अर्धी दाढी फेसात तशीच ठेवून मी आरशासमोर उभा राहिलो, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते मूल पहिल्यांदा उभं राहिलं. वाकलेल्या पायांचं, बिनतोंडाचं, करड्या रंगाचं. ते आमच्या घरात होतं, आमच्या पैशाने जेवत होतं आणि तरी त्याला बरं नव्हतं. खरं सांगतो, भीतीआधी मला त्याची दया आली.

दया फार टिकली नाही. शनिवारी दुपारी संजना आणि मी दोघंही घरात असताना आवाज म्हणाला, "ज्येष्ठ स्त्रीचा घास बालकाकडे वळत आहे."

मी ॲपमधला आलेख उघडला. आईची रेघ खाली उतरत होती आणि बालकाची वर चढत होती. जिथे एक कमी, तिथे दुसरी तेवढीच जास्त. स्टोअरच्या भाषेत हे सरळसरळ ट्रान्सफर होतं. तो करडा गोलही आता आधीपेक्षा मोठा दिसत होता.

मी पाय न वाजवता आईच्या खोलीत डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पडदा ओढलेला. झोपेत तिने कूस बदलली आणि मला तिचा चेहरा दिसला. तो तिचा नव्हता. गाल खोल गेलेले, ओठ आत ओढून घेतलेले, हनुवटी नाकाच्या जवळ आलेली. कोणीतरी आतून तिला थोडी थोडी ओढून घेत होतं. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन संजनाला म्हणालो, "उद्या दादा तिला नेईल तर नेऊ दे." हे म्हणताना मला रडू आलं. संजनाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी आणखीच घाबरलो, कारण ती असं कधी करत नाही.

रविवारी श्रीपतदादा आला. आईने दारात त्याच्या गालावरून हात फिरवला, दोन शब्द बोलली, तेही तोंडापुढे पदर धरून, आणि "जरा पडते" म्हणून आत गेली.

"अर्धी झालीय रे आयस," दादा सोफ्यावर बसत म्हणाला. "काय घालता तरी काय तिला?"

आम्ही त्याला सगळं सांगितलं. सत्त्व, खिमट, घासलेली वाटी, वळणारा घास. दादा पोटावर हात ठेवून हसायला लागला. "मी वादळात बोट काढलेला मानूस," तो म्हणाला, "आनि तू मना मोबाइलातल्या पोराला घाबरवतोस?"

तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंद होत होत थांबला. खाली कुणाचा तरी मिक्सर बंद पडला, आणि सगळी बिल्डिंग एकदम गप्प झाली. टेबलावरचा माझा फोन उजळला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातूनही तोच आवाज आला. दोन्हीकडून, एका सुरात.

"भोजन सुरू झाले आहे. दात न आलेले बालक जेवत आहे."

मग ते ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारामागून. चप... चप... चप. ओलं, मऊ, सावकाश.

श्रीपतदादाने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. संजनाने माझा दंड असा धरला, की बोटं उमटली. "देवा," ती डोळे मिटून म्हणाली, "चॉकलेटची पावडर माझी आहे! मी डब्यातून चमच्याने कोरडीच खाते! पण बाकीचं माझं नाही, शपथ!"

"लॉलीपॉप माझे!" मीही ओरडलो. "बिस्किटंसुद्धा!"

संजनाने डोळे उघडले आणि माझा दंड सोडला. "तुमची शुगर काठावर आहे."

"आधी भूत. मग शुगर."

चप... चप.

आत जाणार कोण, यावर नजरेनेच चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे मी हरलो. मी केरसुणी घेतली. (का, ते विचारू नका.) माझ्यामागे संजना, तिच्यामागे वादळात बोट काढलेला माणूस. मी दार ढकललं.

आतल्या अंधुक उजेडात, फ्रिजच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून काहीतरी लहानसं जमिनीवर बसलं होतं. मान खाली. मांडीवर वाटी. आमची चाहूल लागून ते वळलं. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग नव्हताच, आणि हनुवटीवरून काहीतरी तपकिरी ओघळत होतं.

श्रीपतदादा किंचाळला. पण त्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. ओट्यावर, पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्यात, एक अख्खं हसू ठेवलेलं होतं. वरचे खालचे सगळे दात असलेलं.

"अगं आई!" मी म्हणालो.

"हो, मीच," आई म्हणाली. दातांशिवाय ते 'हो, मीत' असं ऐकू आलं. तिने पदराने नाचणी पुसली. "केरसुनी कशाला घेतलीस? झाडलंय मी सकाली."

मी केरसुणी खाली ठेवली. संजनाने दुसऱ्या वाटीकडे बोट दाखवलं. भातात काहीतरी पांढरं, अगदी लोण्यासारखं कुस्करलेलं होतं. "हे काय आहे, आई?"

"मुडदुशी. ती मासळीवाली फ्लॉसी आनून देते ना दारावर. मऊ मासळी, काटा लगेच सुटतो. हिरड्यांनी खाता येते. नाचनीचं सत्त्व न् खिमट पन मीच आनते, खालच्या मेडिकलातून." मग तिला वाटलं आपल्यावर चोरीचा आळ येतोय. "मी चोरून नाय खाल्लं हां. भूपेशनं सांगितलं तसं रोज सांगते याला." आणि पुरावा म्हणून तिने आपला फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबलं आणि त्या बोळक्या तोंडाने, सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "बाळा, मुडदुशी आनली. येक वाटा."

"नोंद झाली," फोन म्हणाला. "बाळाला मुडदूस. काळजी घ्या."

संजना मटकन खाली बसली. आधी मला वाटलं, तिला चक्कर आली. मग दिसलं, ती हसत होती, आवाज न करता, सगळं अंग हलवत.

"बाळा कुणाला म्हणतेस गं तू त्यात?" मी विचारलं.

"तुला. तूच म्हनालास ना, यात बोल, मना कळेल." ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू आता मीच वेडा. म्हणजे इतके दिवस माझी आई रोज दुपारी एकटी बसून, मी ऐकतोय असं समजून, आपण काय खाल्लं ते मला सांगत होती.

"पण दात का काढलेस?" दादाने विचारलं. तो अजून पेल्याकडे पाठ करून उभा होता.

आईने माझ्याकडे पाहिलं. कवळी मीच करून दिली होती. ऑफिसमधल्या एकाच्या डेंटिस्ट मेहुण्याकडे, सवलतीत. आणि नंतर महिनाभर येणाऱ्या जाणाऱ्याला "आई, हस बघू" म्हणून दाखवत होतो. "तू येवढ्या हौशीनं करून दिलेस," ती शेवटी म्हणाली, "तुला कसं सांगू, का तुझे दात मना चावतात?"

"मग मला तरी सांगायचं," संजना म्हणाली.

"तुला कळलं होतं ना पन. मऊ दूधभात ठेवायचीस की माझ्यासाठी, काय न बोलता. मना वाटलं, सून बघा कशी, लाज नको म्हनून गुपचूप ठेवते. मंग मी पन वाटी घासून ठेवायची."

संजनाचं हसणं थांबलं. तिने आईच्या मांडीवरची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. ती वाटी मुळात कुणासाठी ठेवली होती, हे आम्ही दोघांनी आजतागायत आईला सांगितलेलं नाही.

"तर मंग चल घरी," दादा जरा मऊ आवाजात म्हणाला. "तिकडे बिनदाताचं जेव. कोन बघतंय?"

"म्हनून तर नाय सांगितलं. सांगितलं असतं तर तू टेम्पो आनला असतास." आईने पदर खोचला. "मी नाय येत. खाली बाकड्यावर ज्युलिएट हाय, वर हे दोघं हायत. मना इथंच बरं हाय. तू जेवायला थांब." दादा थांबला. त्या दिवशी आई पहिल्यांदा आमच्याबरोबर पानावर बसली, बिनदाताची, आणि चपचप आवाज करत इतकी जेवली, की फोन मधेच म्हणाला, "बालकाची भूक उत्तम आहे."

पुढे मी दुसऱ्या डॉक्टरकडून कवळी नीट करून घेतली, पूर्ण पैसे देऊन. आईचे दंड पोलक्यात परत दिसू लागले. आणि एका संध्याकाळी तिघं जेवायला बसलेलो असताना मी घासमित्रची चुकीची नोंद साफ करायला घेतली. मुडदूस पुसून मासळी लिहिली. सत्त्व आणि खिमट आईच्या नावावर टाकलं. चॉकलेटची पावडर, थोड्या वादावादीनंतर, संजनाच्या नावावर. लॉलीपॉप आणि बिस्किटं मी तेवढी राहू दिली. आता ते करडं मूल जाणार म्हणून मला, काय सांगू, किंचित चुकल्यासारखंही वाटलं.

"कुटुंबाची माहिती अद्ययावत झाली आहे," आवाज म्हणाला. "सदस्य तीन. ज्येष्ठ स्त्री, आहार उत्तम. प्रौढ स्त्री, आहार समाधानकारक. बालक, वय अंदाजे सात, गोड कमी करावे."

"आणि मी?" मी विचारलं.

"प्रौढ पुरुष घरात असल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही," आवाज म्हणाला. "नाव वगळायचे का?"

संजनाने आईकडे पाहिलं. आईच्या तोंडात नव्या दातांनी फोडलेला बोंबील होता. तो तिने नीट चावला, गिळला.

"वगळ गो," ती म्हणाली. "आनि पोराला भात वाढ."